अळीच्या पेशी मरतात तेव्हा अपॉप्टोसिस होतं की ऑटोफॅजी?

पिकलेलं केळं दोन दिवस बरणीत उघडं ठेवा, मग वर फडकं बांधून आठवडाभर विसरून जा (घरच्यांची बोलणी खायची तयारी ठेवून), चिलटांच्या (म्हणजे फळमाश्यांच्या) अळ्या काचेवर चढून तिथेच कोष करतात आणि तो इतका घट्ट बसतो की नखाने काढायला गेलं तर फुटतो पण सुटत नाही. तो गोंद अळीच्या लाळग्रंथीतला. गोंद लावला, काम संपलं, नंतर पंधरा-सोळा तासांत अख्खी ग्रंथी गायब.

कशी गायब, यावर बरेच जण ठोकून देतात की अपॉप्टोसिस आणि ऑटोफॅजी एकच, पेशीची आत्महत्या. नाही हो.

अपॉप्टोसिसमध्ये कॅस्पेज नावाची कातरणारी प्रोटीन्स असतात, ती पेशीत आधीपासूनच पडून असतात पण कुलूपबंद, एक्डायसोन या अळीचा कायापालट घडवणाऱ्या हॉर्मोनची लाट आली की रीपर आणि हिड हे जीन्स चालू होतात आणि ते कुलूप निघतं. पेशी आक्रसते, डीएनएचे तुकडे पडतात, पेशीचीही छोटी गाठोडी होतात आणि दुसऱ्या पेशी ती गिळून टाकतात. सांडलवंड नाही. 1972 मध्ये हे नाव दिलं गेलं, ग्रीकमध्ये अर्थ पानगळ.

ऑटोफॅजी म्हणजे स्वतःलाच खाणं. पेशी आतल्याच मालाभोवती दुहेरी पडद्याची पिशवी करते, ती लायसोसोमला, म्हणजे पेशीतल्या पचनाच्या पिशवीला, जोडते आणि माल पचवून परत वापरते. गंमत म्हणजे एरवी हे सगळं जगण्यासाठी चालतं, अळी उपाशी राहिली की तिच्या चरबीच्या पेशी असंच करून दिवस काढतात, म्हणून ऑटोफॅजीला सरसकट मरण म्हटलं की माझं डोकं फिरतं.

पण कोषात मात्र हेच मारायच्या कामी येतं. फळमाशीच्या अळीचं मधलं आतडं घ्या, कॅस्पेज बंद पाडले तरी ते वेळेवर मोडतं, ऑटोफॅजीचे जीन्स बंद केले की मोडणं रेंगाळतं. लाळग्रंथीत दोन्ही लागतात: कुठलंही एक अडवलं की ग्रंथी थोडी शिल्लक राहते, दोन्ही अडवली की जास्त. एकाच अळीत, एकाच हॉर्मोनवर, दोन अवयवांची दोन तऱ्हा!

आणि 'प्रोग्रॅम्ड सेल डेथ' (ठरवून होणारं पेशीमरण) हा शब्द तर अपॉप्टोसिसच्याही आधीचा, लॉकशिन आणि विल्यम्स या शास्त्रज्ञांनी 1964 मध्ये रेशमी पतंगांवर काम करताना आणलेला. पतंग कोषातून बाहेर पडला की पोटातले ठरावीक स्नायू साधारण दोन दिवसांत विरघळतात, ते त्यांनी पाहिलं. पतंग अँथेरिया वंशातले, आपल्या भंडारा-गडचिरोलीचा टसर कोसाही त्याच वंशातला. कातरणारे कॅस्पेज तेव्हा कुणाला माहीतच नव्हते, त्या स्नायूंमध्ये नजरेत भरले होते ते लायसोसोम.