घोट्याच्या हाडाचा कॅन्सर: कोड कोणत्या हाडाचा द्यायचा?

‘उजव्या घोट्याच्या हाडात मॅलिग्नंट गाठ’ (म्हणजे कॅन्सरची गाठ) एवढं वाक्य केसपेपरवर असलं की निदान पूर्ण झालं असं वाटतं. बाजू आहे, जागा आहे, आजार आहे. आयसीडी-१०, म्हणजे प्रत्येक आजाराला ठरावीक कोड देणारं आंतरराष्ट्रीय वर्गीकरण, त्याच्या सूचीत ‘हाड, घोटा’ शोधलं तर उत्तरही लगेच मिळतं: सी४०.३, म्हणजे पायाच्या लहान हाडांचा मूळ कॅन्सर. घोळ इथेच होतो. घोटा हे एक हाड नाही, तो सांधा आहे. नडगीच्या हाडाचं म्हणजे टिबियाचं खालचं टोक, शेजारच्या बारीक फिब्युलाचं खालचं टोक आणि त्या दोघांच्या मधल्या खाचेत बसलेलं टॅलस अशा तीन हाडांनी तो बनतो. एमआरआयच्या अहवालात गाठ टिबियाच्या खालच्या टोकात असल्याचं लिहिलेलं असेल, तर योग्य कोड सी४०.२, पायाच्या लांब हाडांचा. गाठ टॅलसमध्ये असेल तरच सी४०.३. दोन्ही रुग्ण बोट ठेवून जवळपास एकच जागा दाखवतील, सूजही सारखीच दिसेल. पण कोड दुखऱ्या जागेला द्यायचा नसतो, ज्या हाडात गाठ उगवली त्या हाडाला द्यायचा असतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या या वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीला १९९० मध्ये मान्यता मिळाली. त्यात हातापायांची हाडं आणि सांध्यांची कूर्चा यांच्या मूळ कॅन्सरसाठी सी४० हा गट आहे. दशांश चिन्हानंतरचे ० आणि १ हे अंक हाताकडे जातात. २ म्हणजे मांडीचं हाड, टिबिया आणि फिब्युला. ३ मध्ये पावलाची सगळी २६ हाडं येतात: ७ टार्सल म्हणजे पावलाच्या मागच्या भागातली (टाचेचं हाड आणि टॅलस यांतलीच), ५ मेटाटार्सल म्हणजे त्यांच्या आणि बोटांच्या मधली, आणि बोटांची १४. शरीररचनाशास्त्र शिकून आलेला नवा कोडर (निदानांना कोड देणारा कर्मचारी) इथे हमखास अडखळतो. मेटाटार्सल आणि बोटांची हाडं रचनेने ‘लांब’ प्रकारचीच आहेत, मधे दांडा आणि दोन्हीकडे टोकं. वर्गीकरण मात्र त्यांना लहान हाडांतच धरतं. कोड देताना वर्गीकरणाची व्याख्या पाळायची, पाठ्यपुस्तकाची नाही.

अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१५ पासून वापरात असलेल्या आयसीडी-१०-सीएम या विस्तारित आवृत्तीत पुढे बाजूचा अंक लागतो. सी४०.३१ उजवा, सी४०.३२ डावा, सी४०.३० बाजू न सांगितलेला. (या लेखात इथून पुढे पाच किंवा अधिक अक्षरांचे जे कोड आहेत, ते याच आवृत्तीतले.) शेवटचा शून्य सॉफ्टवेअर निमूटपणे स्वीकारतं, म्हणून तो सर्रास वापरला जातो. खरं तर हाडाच्या गाठीत बाजू माहीत नाही असं जवळपास कधीच नसतं. एक्स-रेवर ती असते, संमतिपत्रावर असते, बायोप्सीच्या विनंती अर्जावरही असते. आणि या कागदांत एकमेकांशी मेळ नसेल, एकावर उजवा आणि दुसऱ्यावर डावा असेल, तर बहुमताने ठरवायचं नाही. डॉक्टरांना लेखी विचारायचं. चुकलेली बाजू शस्त्रक्रियेच्या नोंदीशी जुळत नाही आणि विम्याचा दावा तिथेच अडतो. त्याहून गंभीर म्हणजे चुकीची बाजू रुग्णाच्या पुढच्या प्रत्येक कागदावर उमटत राहते.

गाठ टिबियातून सांध्यापलीकडे टॅलसपर्यंत पसरलेली दिसली तर? ती कुठे सुरू झाली हे कळत असेल, तर फक्त त्या उगमाचा कोड. एकमेकांना लागून असलेल्या दोन भागांत ती आहे आणि उगम ठरवताच येत नाही, तेव्हाच सी४०.८. टाचेचं हाड आणि टॅलस असं दोन्हीकडे पसरलेलं असेल तर सी४०.८ ची गरजच नाही, कारण दोन्ही हाडं सी४०.३ मध्येच आहेत.

आता सर्वांत महागात पडणारी चूक. सी४० फक्त मूळ कॅन्सरसाठी आहे, म्हणजे जो हाडातच जन्मला त्यासाठी. दुसऱ्या अवयवातून पसरून आलेल्या कॅन्सरला सी७९.५१ हा दुय्यम कोड लागतो आणि सोबत मूळ अवयवाचा कोड. पावलाच्या हाडांपर्यंत असा प्रसार विरळच होतो. झाला तर फुप्फुस, मूत्रपिंड किंवा मोठं आतडं इथला कॅन्सर आधी आठवावा. ‘टाचेच्या हाडात मेटास्टॅसिस’ (म्हणजे पसरून आलेला कॅन्सर) याला सी४०.३ दिला की कागदोपत्री रुग्णाला दोन स्वतंत्र कॅन्सर होतात. कॅन्सर नोंदणीत ही चूक जास्त बोचते. पावलाच्या हाडाचा मूळ कॅन्सर इतका विरळ आहे की अशा थोड्याशा चुकीच्या नोंदींनीही आकडा फुगतो. वर्षानुवर्षं वाहणाऱ्या जखमेच्या कडेला त्वचेचा कॅन्सर झाला आणि तो खालच्या हाडात शिरला, तरी मूळ जागा त्वचाच. हाड तिथेही दुय्यम.

पावलातली प्रत्येक मॅलिग्नंट गाठ हाडाची नसते, हेही तपासावं लागतं. सायनोव्हियल सारकोमा पाऊल आणि घोट्याजवळ आढळतो. नावावरून (सायनोव्हियम म्हणजे सांध्याचं अस्तर) तो सांध्याचा वाटला तरी तो मऊ ऊतींचा कॅन्सर आहे, कोड सी४९.२ च्या गटातला. युइंग सारकोमा बहुधा हाडात होतो, पण हाडाबाहेर सुरू झाला असेल तर तोही सी४९ कडे जातो. नखाखालचा मेलॅनोमा, म्हणजे त्वचेच्या रंगपेशींचा कॅन्सर, बोटाच्या हाडापर्यंत पोहोचला तरी तो त्वचेच्या सी४३.७ मध्येच राहतो. मल्टिपल मायलोमाने (अस्थिमज्जेतल्या पेशींच्या कॅन्सरने) हाडं पोखरली तरी त्याचा कोड सी९०.० आहे.

बायोप्सीचा अहवाल येण्याआधीचे दिवस कोडिंगच्या दृष्टीने सर्वांत नाजूक. बाह्यरुग्ण विभागाच्या कागदावर ‘ऑस्टिओसारकोमाची शंका’ (म्हणजे हाडाच्या एका मूळ कॅन्सरची शंका) लिहिलेलं असलं, तरी अमेरिकी नियमांनुसार तिथे कॅन्सरचा कोड देता येत नाही. जे निश्चित आहे तेच लिहायचं: उजवं पाऊल दुखणं एम७९.६७१, उजव्या पायावरची सूज आर२२.४१, हातापायांच्या इमेजिंगमधला असामान्य निष्कर्ष आर९३.६. आंतररुग्णाला घरी सोडताना निदान अजून ‘संभाव्य’ असेल तर नियम वेगळा आहे, तिथे ते निश्चित असल्यासारखं कोड करता येतं. हा फरक विसरला की शंकेपोटी केलेल्या एका तपासणीमुळे निरोगी माणसाच्या नोंदीत कॅन्सर चिकटतो आणि तो काढायला फार खटपट करावी लागते. उलटंही घडतं. टाचेच्या हाडातला युइंग सारकोमा सुरुवातीला जंतुसंसर्गासारखा दिसू शकतो, ताप आणि सूज दोन्ही असतात. मग ऑस्टिओमायलायटिसचा, म्हणजे हाडाच्या जंतुसंसर्गाचा, एम८६ पुढच्या भेटींतही कॉपी होत राहतो. बायोप्सीचं उत्तर आलं की जुना कोड थांबवून नवा सुरू करणं हे कुणीतरी जाणीवपूर्वक करायला हवं.

अहवाल आल्यावरही उत्तर नेहमी ‘कॅन्सर’ नसतं. ऑस्टिऑइड ऑस्टिओमासारखी साधी (कॅन्सर नसलेली) गाठ टॅलसमध्ये असेल तर डी१६.३. हाडाची जायंट सेल गाठ साधी आणि मॅलिग्नंट यांच्या सीमेवर असते, तिला डी४८.०. इथे आयसीडी-१०-सीएममध्ये एक बारकावा आहे. डी४८ म्हणजे पॅथॉलॉजिस्टने पेशी पाहिल्या आणि गाठ पुढे कशी वागेल हे सांगता येत नाही असं कळवलं. कागदावर नुसतं ‘हाडाची गाठ’ असेल आणि प्रकारच लिहिला नसेल, तर कोड डी४९.२. अहवाल यायचा बाकी आहे म्हणून डी४८ देणं चूकच.

सी४०.३ जागा सांगतो, गाठीचा प्रकार सांगत नाही. टाचेच्या हाडातला ऑस्टिओसारकोमा आणि तिथलाच कॉन्ड्रोसारकोमा (कूर्चा बनवणाऱ्या पेशींचा कॅन्सर) यांचा कोड एकच, उपचार मात्र पार वेगळे: पहिल्यात केमोथेरपी हा मुख्य आधार, दुसऱ्याच्या नेहमीच्या प्रकारात भर शस्त्रक्रियेवर. म्हणून कॅन्सर नोंदणीत आयसीडी-ओ या खास कॅन्सरसाठीच्या वर्गीकरणाचा रचनाकोड (गाठीच्या पेशींचा प्रकार सांगणारा) जोडतात. ऑस्टिओसारकोमा ९१८०/३, कॉन्ड्रोसारकोमा ९२२०/३. तिरक्या रेघेनंतरचा ३ म्हणजे मूळ आणि मॅलिग्नंट, ० साधी गाठ, १ अनिश्चित, ६ पसरून आलेली. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ ने हा क्रमच उलटवला. तिथे २बी५० कॉन्ड्रोसारकोमाचा, २बी५१ ऑस्टिओसारकोमाचा आणि २बी५२ युइंग सारकोमाचा. आधी प्रकार विचारायचा, हाड आणि बाजू विस्तार-कोडने जोडायची. डॉक्टरांच्या टिपणात ‘डाव्या टाचेच्या हाडातला मूळ ऑस्टिओसारकोमा, बायोप्सीने सिद्ध, फुप्फुसात प्रसार नाही’ असं वाक्य असेल तर दोन्ही आवृत्त्यांचं काम भागतं.

उपचार सुरू झाले की कोडांचा क्रम महत्त्वाचा होतो. रुग्ण फक्त केमोथेरपीसाठी दाखल झाला असेल तर झेड५१.११ आधी, कॅन्सर नंतर. पोखरलेलं हाड मोडलं तर एम८४.५७ हा गट लागतो, उदाहरणार्थ उजव्या पावलासाठी एम८४.५७४ आणि पहिल्या उपचाराचं सातवं अक्षर ए. भेट फ्रॅक्चरच्या उपचारासाठी असेल तर हा कोड पहिला, कॅन्सरच्या उपचारासाठी असेल तर दुसरा. अपघातातल्या फ्रॅक्चरचा एस-कोड इथे कधीच नाही.

गुडघ्याखाली पाय काढल्यावर लगेच कॅन्सरचा कोड बंद करायचा नसतो. शस्त्रक्रियेनंतरची केमोथेरपी चालू आहे तोवर सी४० कायम राहतो, कारण उपचार त्याच कॅन्सरवर चालू आहेत. सगळे उपचार संपले आणि आजाराचा मागमूस नसला, की हाडाच्या कॅन्सरच्या पूर्वेतिहासाचा झेड८५.८३० येतो आणि उजवा पाय गुडघ्याखाली नसल्याचा झेड८९.५११ त्याच्यासोबत राहतो. पुढे कधी उजव्या फुप्फुसात त्याच कॅन्सरच्या गाठी सापडल्या, तर मुख्य कोड सी७८.०१. पायातला मूळ कॅन्सर तेव्हाही पूर्वेतिहासातच राहतो.