रूट कॅनाल सीलरची पकड-चाचणी

रूट कॅनालमध्ये, म्हणजे दाताच्या मुळातील नलिकेत, भरलेला गट्टापर्चा हा रबरासारखा पदार्थ आणि मुळाची भिंत यांच्यातली फट बुजवणारा सीलर किती घट्ट धरतो, हे मोजण्याची प्रयोगशाळेतील पद्धत. गट्टापर्चा स्वतः दाताला चिकटत नाही. गवंडी दगडांच्या दरजा भरतो, तसे काम सीलर करतो. त्याला दोन्हीकडे पकड हवी, दंतिनावर (नलिकेची भिंत ज्याची बनते तो दाताचा कठीण भाग) आणि गट्टापर्चावर. यातली दुसरी बाजू कच्ची. गट्टापर्चाच्या कांडीत निम्म्याहून अधिक भाग झिंक ऑक्साइडचा असतो आणि पृष्ठभाग गुळगुळीत असतो.

सर्वाधिक वापरतात ती ‘पुश-आउट’ चाचणी. काढलेल्या दाताचे मूळ भरतात आणि सीलर कडक झाला की सुमारे १ मिमी जाडीचे आडवे काप घेतात. मग बारीक दट्ट्याने मधला गाभा निमुळत्या बाजूकडून रुंद बाजूकडे ढकलतात. गाभा सुटतानाच्या बलाला स्पर्शक्षेत्राने भागले की पकड मेगापास्कलमध्ये, म्हणजे दर चौ. मिमीला न्यूटनमध्ये, मिळते. नलिका १ मिमी व्यासाची, काप १ मिमीचा असेल तर क्षेत्र ३.१४ चौ. मिमी होते, गाभा १० न्यूटनला सुटला तर पकड सुमारे ३.२ मेगापास्कल.

मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेड येथे दंत महाविद्यालये आहेत. दात मिळतात, अडते ते दट्ट्या ढकलून बल मोजणाऱ्या यंत्रापाशी. अभियांत्रिकी महाविद्यालयांतील युनिव्हर्सल टेस्टिंग मशीन बहुधा सळई आणि काँक्रीटसाठी असते. ४०० किलोन्यूटनच्या यंत्रापुढे १० न्यूटन म्हणजे चाळीस हजारावा हिस्सा. त्याला दाताचा काप जाणवणारही नाही. लहान क्षमतेचा लोडसेल (बल मोजणारा संवेदक) लागतोच. दुसरी खबरदारी इथल्या पाण्याची. नांदेड, बीड जिल्ह्यांतील काही गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे. त्याने डागाळलेले दात नमुन्यात मिसळले तर सीलरची तुलना बिघडू शकते, म्हणून ते वेगळे काढलेले बरे.

आकड्याइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व सुटलेल्या जागेला. स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली सीलर गट्टापर्चापासून निघाला, दंतिनापासून निघाला की मधूनच तुटला, ते पाहतात. निव्वळ गट्टापर्चावरची पकड हवी असेल, तर पुश-आउट पुरत नाही, कारण मऊ गाभा दट्ट्याखाली आधी दबतो. तेव्हा गट्टापर्चाच्या सपाट चकतीवर सीलर लावून कातरबलाने, म्हणजे पृष्ठभागाला समांतर ढकलून, तोडतात. इपॉक्सी रेझिनचे सीलर सहसा झिंक ऑक्साइड-युजेनॉलच्या सीलरपेक्षा सरस ठरतात.

सीलरसाठीच्या आयएसओ ६८७६ या आंतरराष्ट्रीय मानकात थराची जाडी ५० मायक्रोमीटरपर्यंत आणि विद्राव्यता ३ टक्क्यांपर्यंत असावी, असे आहे. पकडीची चाचणी मात्र त्यात नाही.