‘समृद्धी’साठी रुंद टायर हवेत? आधी गाडीचं दार उघडा

(आमच्या ग्राहकांसाठी. नवे टायर घ्यायच्या आधी वाचावं, घेतल्यावर नाही.)

फोनवर रोज येणारा प्रश्न : "बलेनोला चार टायर केवढ्याला पडतील? जरा भारीतले सांगा, रुंद." आम्ही भाव सांगायचं सोडून फोटो मागतो आणि समोरचा वैतागतो. "बाकीचे लगेच भाव सांगतात, तुमचंच काय?" असंही ऐकवतो. आमचं एवढंच, की ‘बलेनोचा टायर’ नावाची वस्तू बाजारात नाही. बलेनोच्या सिग्मा आणि डेल्टा या मॉडेलांना १८५/६५ आर१५ साइज येतो (आकड्यांचं गणित पुढे सांगतो), झेटा आणि अल्फाला १९५/५५ आर१६. स्विफ्टचंही तसंच. एलएक्सआय, व्हीएक्सआयला १६५/८० आर१४ आणि झेडएक्सआयला १८५/६५ आर१५. गाडीच्या नावावर भाव सांगणारा एक तर अंदाज मारतोय, नाही तर तुम्ही दुकानात आल्यावर भाव बदलणार आहे.

समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये पूर्ण ७०१ किलोमीटर खुला झाला. तेव्हापासून आमच्याकडे टायर विचारण्याची तऱ्हाच बदलली. आधी लोक विचारायचे, "किती किलोमीटर चालेल?" आता विचारतात, "एकशेवीसला धरून राहील का?" प्रश्न रास्त आहे. संभाजीनगरजवळ सावंगीला चढलं की पुढे तासन्‌तास सरळ काँक्रीट, मे महिन्यातली दुपार, गाडीत पाच माणसं आणि डिक्की भरलेली. टायरची खरी परीक्षा तिथेच होते. पण या प्रश्नाचं उत्तर ‘रुंद टायर’ असं बहुतेकांनी आधीच ठरवलेलं असतं, आणि आमचा, तुमचा वेळ तिथेच जातो.

एका शनिवारची गोष्ट

एक गृहस्थ शनिवारी संध्याकाळी २०५/६५ आर१५ चे चार कोरे टायर गाडीत घालून आले. स्वस्तात मिळाले म्हणून ऑनलाइन मागवलेले. गाडी १८५/६५ आर१५ ची, रिम (टायर ज्यावर बसतो ते धातूचं चाक) कंपनीचीच, लोखंडी. "फक्त चढवून द्या, उद्या पहाटे शिर्डीला निघायचंय." आम्ही चाक काढून रिमवरचा आकडा दाखवला : १५ × ५ जे. म्हणजे रिम पाच इंच रुंद. २०५/६५ ला रिम कमीत कमी साडेपाच इंची लागते. आम्ही नाही म्हणालो. ते चिडून गेले. सोमवारी परत आले, शिर्डी जुन्याच टायरवर झाली होती. ऑनलाइन घेतलेले टायर परत करायला त्यांना पुढे किती हेलपाटे पडले ते त्यांनाच माहीत.

आता हे ‘चढवून द्या’ आम्ही का ऐकत नाही ते सांगतो, कारण त्यावरून आम्हाला आडमुठे म्हणणारे बरेच आहेत.

टायर चढतो. चढत नाही असं नाही. मशीनवर पाच मिनिटांत चढेल, हवाही धरेल. पण रुंद टायर अरुंद रिमवर बसवला की त्याच्या दोन्ही कडा आत ओढल्या जातात, बाजूच्या भिंती फुगतात आणि मधला भाग बाहेर फुगतो. जमिनीला टेकतो तो मुख्यतः मधला पट्टा. म्हणजे पैसे रुंदीचे मोजले आणि रस्त्यावर टेकली अर्धीच रुंदी. वळणावर भिंत लुळी पडते, स्टिअरिंग वळवलं तरी गाडी क्षणभर उशिरा वळते. कन्नडच्या घाटात हा क्षण बरोबर कळतो. पकड वाढावी म्हणून घेतलेल्या टायरने पकड घटवलेली असते, आणि दहा-बारा हजार किलोमीटरनंतर मधली नक्षी गायब झाली की तोच ग्राहक म्हणतो, "टायर कंपनी बेकार."

दुसरी गोष्ट उंचीची. १८५/६५ आर१५ चं गणित असं : टायर १८५ मिलिमीटर रुंद, बाजूची भिंत त्याच्या ६५ टक्के, म्हणजे सुमारे १२० मिलिमीटर, आणि रिम १५ इंच. वरची भिंत, खालची भिंत आणि रिम मिळून पूर्ण चाक सुमारे ६२१ मिलिमीटर उंच. आता मघाचे साइज याच पद्धतीने मोजा. १६५/८० आर१४ येतो सुमारे ६२० आणि १९५/५५ आर१६ येतो ६२१. कंपनीने रिम १४ वरून १६ इंचावर नेली, पण चाकाची उंची हलू दिली नाही. रिम मोठी झाली तेवढी भिंत खाली आली. स्पीडोमीटर, गिअर, एबीएस सगळं त्या उंचीवर बेतलेलं असतं.

२०५/६५ आर१५ मोजला तर येतो ६४७. चार टक्क्यांहून जास्त फरक. पूर्ण वळवल्यावर चाक आतल्या प्लास्टिकला घासतं, पिकअप मंदावतो, आणि मीटरवर १२० दिसत असताना गाडी आधीपेक्षा पाचेक किलोमीटर जास्त वेगाने धावत असते. कंपनीचं मीटर मुळात थोडं वाढवून दाखवतं, ती सवलत इथे संपली. समृद्धीवर कारची मर्यादा १२० ची आहे आणि वर कॅमेरे आहेत. दंडाची पावती आली की टायर आठवत नाही, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

आमचा नियम : उंचीतला फरक तीन टक्क्यांच्या आत, आणि टायरला चालेल एवढी रिमची रुंदी. दोन्ही जमलं तर आम्ही आनंदाने मोठा साइज बसवतो, अलॉयसकट (म्हणजे मिश्रधातूच्या रिमसकट). रुंदीच हवी असेल तर सरळ रस्ता हा, की तुमच्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला कंपनी जो साइज देते तो त्याच मापाच्या अलॉयसह घ्यायचा. खर्च जास्त आहे, पण त्यात आमची आणि तुमची झोप शाबूत राहते.

जुन्या टायरवरून साइज वाचू नका

"जो आहे तोच द्या" हे वाक्य आम्हाला फार अवघड जातं. गाडी सेकंडहँड असेल तर आहे तो टायर आधीच्या मालकाने हौसेने बसवलेला असू शकतो. खरा साइज गाडीवरच लिहिलेला असतो. ड्रायव्हरचं दार उघडा, दाराच्या चौकटीवर किंवा मधल्या खांबावर स्टिकर दिसेल. काही गाड्यांत तो पेट्रोलच्या झाकणाच्या आत असतो. त्यावर साइज असतो आणि हवेचा दाबही, दोन माणसांसाठी वेगळा आणि पूर्ण भरलेल्या गाडीसाठी वेगळा. तो दुसरा आकडा बघितलेला माणूस आम्हाला महिन्यातून एखादाच भेटतो.

साइजच्या पुढे आणखी एक आकडा आणि अक्षर असतं, उदाहरणार्थ ८८ एच. ८८ म्हणजे एका टायरला ५६० किलो वजन चालतं. ८४ असेल तर ५००. टी म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंत, एच म्हणजे २१०, व्ही म्हणजे २४०. तुम्ही १२० ने जाणार, मग टी पुरे, हे खरंच आहे. केवळ वेगासाठी व्ही घ्यायची गरज नाही. पण गाडीबरोबर आलेल्या आकड्याच्या आणि अक्षराच्या खाली मात्र जाऊ नका. ऑनलाइन स्वस्त दिसणारा ‘सेम साइज’ पुष्कळदा इथेच स्वस्त झालेला असतो.

परफॉर्मन्स म्हणजे नक्की काय मिळतं

आमच्या हिशोबाने रोजच्या गाडीत चांगला टायर म्हणजे पावसात लवकर थांबणारा आणि स्टिअरिंगला चटकन ऐकणारा. यासाठी रबर मऊ लागतं, आणि मऊ रबर लवकर झिजतं. साधा टायर जिथे ५० हजार चालेल तिथे स्पोर्टी टायर ३० ते ३५ हजारांत संपला तर आमच्याकडे तक्रार घेऊन येऊ नये, ही प्रेमाची विनंती. ५५ किंवा त्याहून कमी भिंतीचा टायर वळणावर छान, खड्ड्यात नाजूक. भिंतीला टेंगूळ येणारे टायर आमच्याकडे बहुतेक याच साइजचे येतात.

टायरवर ‘ट्रेडवेअर ३४०’ असं काही लिहिलेलं असेल तर एकाच कंपनीच्या दोन टायरांची तुलना करायला ते उपयोगी आहे. दोन वेगळ्या कंपन्यांत नाही, कारण आकडा ज्याचा तो ठरवतो.

एक कडू गोष्ट : १४ आणि १५ इंची रिमसाठी अस्सल स्पोर्ट टायर फारच थोडे बनतात. इंटरनेटवर ज्यांचं कौतुक वाचून तुम्ही येता ते मॉडेल बहुतेक १७ इंचाच्या पुढचे असतात. शिवाय जून २०२० पासून परदेशी टायरच्या आयातीवर सरकारचे निर्बंध आहेत, त्यामुळे काही साइज मागवूनही मिळत नाहीत. अशा वेळी ओल्या रस्त्यावर चांगली पकड असलेला टूरिंग (लांबच्या आरामशीर प्रवासाच्या) प्रकारचा टायर घ्या, असं आम्ही सुचवतो. मिशलिनचा प्रायमसी, योकोहामाचा ब्लूअर्थ किंवा आपल्याकडच्या एमआरएफ, सिएट, अपोलोचे वरच्या वर्गातले टायर. कोणत्या कंपनीवर आम्हाला जास्त सुटतं असं विचारणारेही असतात. सुटतं तेवढं सगळ्यावर सुटतं. फरक पडतो तो चुकीचा टायर परत खोलण्यात.

दोनच टायर घ्यायचे असतील

नवे दोन मागे बसतील. पुढे नाही. यावर दर आठवड्याला वाद होतो, कारण "इंजिन पुढे, ओढ पुढे, मग नवे मागे कशाला?" पावसात पुढचं चाक सुटलं तर गाडी सरळ जाते, पाय काढला की सावरते. मागचं सुटलं तर गाडीची शेपटीच फिरते आणि सावरायला भल्याभल्यांना जमत नाही. टायर कंपन्याही हेच सांगतात. तरीही पुढेच हवे असतील तर तसं पावतीवर लिहून सही घेतो. राग मानू नका.

हवा

उन्हाळ्यात हवा कमी ठेवायची, म्हणजे गरम होऊन टायर फुटत नाही, हा समज आपल्या भागात फार पक्का आहे आणि अगदी उलटा आहे. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्याला जास्त दबतो, दबला की तापतो, आणि तापून फुटतो तो हाच. सकाळी थंड टायरमध्ये ३३ भरली तर तासाभराने ३७-३८ दिसेल. ते अपेक्षितच आहे, काढू नका. नायट्रोजन आमच्याकडे मिळतो, मागितलात तर भरू. साध्या हवेतही तो ७८ टक्के असतोच. नायट्रोजन भरून तीन महिने न बघण्यापेक्षा साधी हवा भरून पंधरा दिवसांनी बघितलेली बरी. हवा तपासायला आमच्या ग्राहकांना पैसे पडत नाहीत, स्टेपनीसकट.

नक्षी १.६ मिलिमीटरवर आली की कायद्याने टायर संपला. खाचांच्या मधले छोटे उंचवटे नक्षीला भिडले की समजायचं. आम्ही पावसाळ्याआधी ३ वरच बदला म्हणतो. समृद्धीच्या प्रवेशावर परिवहन विभागाने टायर तपासून गुळगुळीत टायरच्या गाड्या परत पाठवल्या होत्या. तिथून फिरून आमच्याकडे आलेले बरेच जण आज आमचे कायमचे ग्राहक आहेत.

भाव विचारताना

पावतीवरच्या व्हॉट्सॲप नंबरवर तीन फोटो पाठवा : दारावरचा स्टिकर, आताच्या टायरच्या बाजूचे आकडे, आणि अलॉय बाहेरून घेतलेले असतील तर रिमच्या आतल्या बाजूचा आकडा. तो दिसत नसेल तर राहू द्या, चाक काढून आम्ही बघू, त्याचे पैसे नाहीत. साधारण तासाभरात दोन किंवा तीन पर्याय आणि भाव कळवतो. भावात टायर, चढवणं, नवे व्हॉल्व्ह, बॅलन्सिंग आणि जीएसटी धरलेला असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून कर २८ चा १८ टक्के झालाय, आमचे भाव त्याप्रमाणेच आहेत. अलाइनमेंट वेगळी, आणि ती नव्या टायरबरोबर करून घ्याच. बिनपावतीचा स्वस्त भाव मागू नये. वॉरंटीच्या वेळी कंपनी पावती आणि टायरचा नंबर मागते, आणि दोन्ही आमच्याकडे नोंदलेलं असतं.

टायर बसवण्याआधी बाजूवरचा चार आकडी उत्पादनाचा शिक्का आम्ही तुम्हाला दाखवतो. २३२५ असेल तर २०२५ सालचा तेविसावा आठवडा. दाखवायला विसरलो तर मागून बघा, संकोच नको. नव्या टायरवर पहिले दोन-अडीचशे किलोमीटर जपून चालवा, वरचा थर घसरडा असतो. दुकानातून निघून थेट समृद्धी नको.

शनिवार-रविवारी गर्दी असते, मंगळवार ते गुरुवार सकाळी या. अलॉयला लॉक नट (चाक चोरीला जाऊ नये म्हणूनचे, खास चावीनेच खुलणारे नट) असतील तर त्याची चावी आठवणीने आणा, ती घरी राहिली म्हणून परत गेलेल्या गाड्या कमी नाहीत. आणि डिक्की रिकामी करून आणा. स्टेपनीपर्यंत पोचायला मागच्या महिन्यात आमच्या पोराला एका लग्नघरचा अख्खा आहेर उतरवावा लागला होता.