पैठणला यायचा खर्च वेगळा, घाटाची किंमत वेगळी

मराठवाड्याला समुद्र नाही. आपली चौपाटी म्हणजे पैठणचा गोदाघाट नाहीतर नाथसागराचा काठ. येणाऱ्यांच्या लेखी या काठाचं, विशेषतः स्वच्छ काठाचं, मोल किती हे काढायच्या दोन पद्धती मात्र समुद्रकिनाऱ्यावर वापरतात त्याच. दोन्हींचं उत्तर रुपयांतच येतं, म्हणून एकीचा आकडा सर्रास दुसरीच्या नावावर खपतो.

पहिली प्रवासखर्चाची. अर्थतज्ज्ञ हॅरल्ड हॉटेलिंग यांनी १९४७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान खात्याला पत्रातून सुचवलेली. घाटाला तिकीट नसलं तरी तिथवर पोचायला पैसे पडतातच. ज्यांना कमी पडतात ते जास्त वेळा येतात. या उतारावरून मागणी कळते.

छत्रपती संभाजीनगरहून दुचाकीवर दोघं आले असं धरा. जाऊन-येऊन १०० किमी, ५०चं अ‍ॅव्हरेज, दोन लिटर पेट्रोल. लिटरला १०५ धरले तर २१० रुपये, माणशी १०५. वेळही मोजायचा: तासाची कमाई ६० असेल तर तिचा एक-तृतीयांश, म्हणजे २०, धरायची रीत आहे. तीन तासांचे ६०. एकूण १६५.

आणि इथेच बहुतेकांचा पाय घसरतो. हे १६५ म्हणजे घाटाची किंमत नव्हे. त्यातले बरेचसे पेट्रोलपंपावर गेले. मोल म्हणजे त्याच्या वर आणखी किती पडले असते तरी माणूस आला असता, ते. वर्षातल्या फेऱ्यांवर प्वासाँ मॉडेल (मोजून येणाऱ्या संख्यांसाठीचं संख्याशास्त्रातलं गणित) बसवलं आणि खर्चाचा गुणक, म्हणजे खर्च वाढला की फेऱ्या किती घटतात ते सांगणारा आकडा, उणे ०.००४ आला, तर फेरीमागे हे जादा मोल १ भागिले ०.००४, म्हणजे २५० रुपये. घाटावरच माणसं गाठली असतील तर वरचेवर येणारेच जास्त हाती लागतात आणि न येणारे लागतच नाहीत. त्यावर उपाय म्हणजे प्रत्येकाच्या फेऱ्यांतून एक वजा करून मग मॉडेल चालवायचं.

नाथषष्ठीच्या गर्दीत मात्र फॉर्म भरून घेऊ नका. वारकरी नाथांच्या समाधीसाठी येतो, गोदास्नान त्यातच होतं. त्याचा अख्खा खर्च घाटाच्या खात्यावर टाकला की आकडा फुगलाच. एरवीसुद्धा ‘दर्शन नसतं, नुसता घाट असता, तर आला असतात का?’ हा प्रश्न हवाच.

दुसरी पद्धत थेट विचारायची. ‘घाट स्वच्छ ठेवायला किती द्याल?’ असं मोघम विचारलं तर माणूस तोंडाला येईल तो आकडा सांगतो. म्हणून २०, ५०, १००, २०० अशी चिठ्ठ्यांवर विभागलेली एकच रक्कम प्रत्येकापुढे ठेवून हो की नाही एवढंच घ्यायचं. अमेरिकेत केनेथ अ‍ॅरो आणि रॉबर्ट सोलो या अर्थतज्ज्ञांच्या समितीनेही १९९३ साली हो-नाहीचाच प्रश्न सुचवला होता. ‘नाही’ आलं की कारण विचारा. ‘परवडत नाही’ हा खरा नकार. ‘नगरपालिकेनं करावं, आम्ही का द्यावं?’ हा निषेध. तो शून्य किंमत म्हणून मोजला तर सरासरी उगीच खाली येते. शिवाय खिशात हात घालायचा नसला की ‘हो’ म्हणणं सोपं जातं, त्यामुळे हा आकडा बहुधा चढाच असतो.

मग पहिल्या पद्धतीत स्वच्छतेची किंमत कुठून काढायची? एकट्या पैठणच्या प्रवासखर्चातून ती निघत नाही, कारण सगळ्यांनी पाणी सारखंच पाहिलेलं असतं. नांदेड, गंगाखेड असे कमी-जास्त स्वच्छतेचे घाट एकत्र घेतले तरच फरक दिसतो. नाहीतर दोन्हींचा मिलाफ करा: ‘शेवाळ आणि प्लास्टिक हटलं तर वर्षात किती फेऱ्या माराल?’ वाढीव फेऱ्या आधीच्या मॉडेलमध्ये घालता येतात.

प्रश्नात दिसेल, नाकाला कळेल तेच लिहा. आंघोळीच्या पाण्यात १०० मिलिलिटरमागे विष्ठेतले कोलिफॉर्म जिवाणू ५०० पर्यंत असावेत, फार तर २,५०० चालतील, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे. पण घाटाच्या पायरीवर बसलेल्याला तो दिसत नाही. त्याला दिसतात भिजलेलं निर्माल्य आणि कॅरीबॅगा.