मोपा ते दिल्ली: मिनिटं जातात कुठे?

विमानाला जाताना आणि येताना वेगवेगळा वेळ लागला की एक खुलासा हमखास ऐकू येतो: पृथ्वी फिरते ना, म्हणून! पृथ्वी फिरते पश्चिमेकडून पूर्वेकडे आणि दिल्ली गोव्यातल्या मोपा विमानतळाच्या जवळजवळ उत्तरेला, जेमतेम १३ अंश पूर्वेला कललेली. शिवाय जमिनीबरोबर हवाही फिरते, आणि विमान उडतं त्या हवेत. तेव्हा हा खुलासा टिकत नाही.

सरळ रेषेत अंतर साधारण १४६५ किमी. हवेतला वेग ताशी ८३० किमी धरला तर १०६ मिनिटं. तिकिटावर मात्र अडीच तासांच्या आसपास असतात, कारण ती वेळ विमान जागेवरून हलल्यापासून दिल्लीत जागेवर लागेपर्यंतची. धावपट्टीपर्यंतचं रांगणं, १०,००० फुटांखाली ताशी ४६० किमीच्या आत ठेवायचा वेग, दिल्लीवरच्या घिरट्या, सगळं त्यात आलं. वर थोडी शिल्लकही धरलेली असते. तेव्हा ‘वेळेआधी पोचलो’ या घोषणेला टाळ्या नकोत.

आता वारा. हिवाळ्यात उत्तर भारतावर १२ किमी उंचीवर पश्चिमेचा झोत वाहतो. ताशी १५० किमी म्हणजे काही विशेष नाही. सोयीसाठी तो संपूर्ण वाटेवर आहे असं धरू. ओहोटीला मांडवीतली फेरीबोट बेतीला जाताना नाक तिरकं धरते, तसं विमान नाक १० अंश पश्चिमेला वळवून उडतं. आडव्या वाऱ्याशी झुंजण्यात ८३० पैकी १३ किमी खर्ची पडतात, उरतात ८१७. वारा किंचित पाठीमागून आहे, त्याचे ३४ मिळाले: ८५१, म्हणजे १०३ मिनिटं. परतताना तेच ३४ वजा: ७८३, म्हणजे ११२ मिनिटं. जाताना दोन-तीन मिनिटं वाचतात, येताना सहा-सात जातात. फिट्टंफाट होत नाही, कारण आडवा वारा दोन्ही वेळा वसुली करतो. मंगळवार-बुधवारी उत्तरेला दिशाशूळ म्हणून तिकीट पुढे ढकलणाऱ्यांनी वार सोडून वारा पाहावा.

गंमत अशी, की हा झोत घडवण्यात पृथ्वीच्या फिरण्याचा हात आहेच. मोपा ताशी १६१० किमी वेगाने पूर्वेकडे फिरतं, दिल्ली १४७०. उष्ण कटिबंधात वर चढलेली हवा उत्तरेला सरकते तेव्हा जादा वेग सोबत नेते. त्यात अक्षापासूनचं अंतर घटतं, म्हणून कोनीय संवेग (वेग गुणिले अक्षापासूनचं अंतर) टिकवायला तिला आणखी जोरात फिरावं लागतं. मोपाच्या अक्षांशावरून शांतपणे निघालेली हवा दिल्लीवर जमिनीच्या तुलनेत ताशी सुमारे ३०० किमीने पूर्वेकडे धावायला हवी. वातावरणातले भोवरे हा संवेग इकडेतिकडे वाटून टाकतात, म्हणून प्रत्यक्षात आकडा बराच कमी भरतो.

पावसाळ्यात हा झोत हिमालयापलीकडे हटतो आणि दक्षिण भारतावर, १४-१५ किमी उंचीवर, उलटा पूर्वेचा झोत बसतो. तो हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी १९५८ साली मांडला. विमानं त्याच्या गाभ्याखालून जातात, तरी त्याची धार तिथेही लागते. जुलैत मोपाहून वर चढल्यावर विमानाचं नाक आधी पूर्वेला वळतं.