खॅनवरचा हुकूम: थाई संगीतातल्या एका वादाची पार्श्वभूमी

२०१७ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत खॅनवादनाची (खॅन म्हणजे बांबूच्या नळ्यांचं, तोंडाने फुंकायचं वाद्य) नोंद झाली ती लाओसच्या नावावर. त्यावरून थायलंडच्या ईशान्य भागात, म्हणजे ईसानमध्ये, बरीच कुरबुर झाली. आमच्याही घराघरांत हेच वाद्य वाजतं, मग आमचं नाव कुठे, असा प्रश्न तिथल्या लोकांनी विचारला. प्रश्न रास्त आहे. पण बँकॉकने खॅनला दीडशे वर्षं कसं वागवलं हे पाहिल्याशिवाय त्याचं उत्तर मिळत नाही.

अयुथ्या १७६७ मध्ये पडलं आणि १७८२ पासून राजधानी बँकॉकला आली. दरबारी संगीताची पीफाट (सनईसारखं वाद्य, घंटा आणि पट्ट्यांची वाद्यं), महोरी (त्यांच्या जोडीला तंतुवाद्यं) आणि निव्वळ तंतुवाद्यांची अशी तीन प्रकारची वादकमंडळं नव्या राजधानीत पुन्हा उभी राहिली. हा भाग बहुतेकांना ठाऊक असतो. खॅनची गोष्ट मात्र १८२७ च्या लढाईपासून सुरू होते. त्या साली व्हिएन्तिआनच्या लाओ राजाने सयामविरुद्ध (थायलंडचं जुनं नाव) उठाव केला. तो मोडून काढल्यावर सयामी फौजेने ते शहर पुरतं उद्ध्वस्त केलं आणि हजारो लाओ कुटुंबांना मेकाँग नदीच्या अलीकडे आणून वसवलं. काहींना तर बँकॉकच्या जवळपासच्या सपाट मुलखात जमिनी दिल्या. माणसं आली तशी त्यांची गाणीही आली. युद्धकैद्यांच्या वस्त्यांमधून खॅन राजधानीच्या दाराशी पोचला.

पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत तो दाराच्या आत गेला. बँकॉकच्या राजघराण्यातल्या चौथ्या राजाच्या धाकट्या भावाला ‘दुसरा राजा’ असा दर्जा होता. त्याला खॅनचं विलक्षण वेड होतं. तो स्वतः उत्तम वाजवायचा, लाओ ढंगाने गायचा, लाओ वस्त्यांमध्ये जाऊन राहायचा. १८५५ मध्ये व्यापारी करारासाठी आलेल्या इंग्रज राजदूतानेही त्याच्या या वादनाची नोंद करून ठेवली आहे. एवढ्या मोठ्या माणसाला जे आवडतं ते शहराला आवडू लागलं, आणि मुंज-लग्नासारख्या घरगुती समारंभांत पीफाटऐवजी खॅन बोलावला जाऊ लागला.

चौथ्या राजाचा १८६५ चा हुकूम या पार्श्वभूमीवर निघाला. त्याला सरसकट ‘खॅनबंदी’ म्हटलं जातं. मजकूर वाचला तर मामला इतका सरळ नाही. राजाची पहिली तक्रार अशी, की स्त्री-पुरुष सगळेच लाओ गाण्याच्या मागे लागले आहेत, महोरी आणि पीफाट कुणी बोलवत नाही, आणि हे दहा वर्षांहून जास्त काळ चाललं आहे. दुसरी तक्रार पावसाची. जिथे जिथे खॅन फार वाजला तिथे पाऊस कमी पडला, असं हुकुमात म्हटलं आहे. म्हणून वर्ष-दोन वर्षं हा खेळ थांबवून पाहावा, अशी विनंतीवजा आज्ञा येते. न ऐकणाऱ्यांसाठी तुरुंग नाही, कर आहे. वाजवणाऱ्याकडून आणि जागेच्या मालकाकडून जबर कर घ्यायचा, आणि कुणी चोरून वाजवताना सापडला तर दुप्पट-तिप्पट.

म्हणजे कागदावर ही मुदतीची मनाई आणि वर कराची धमकी. एवढ्यावरून काही अभ्यासक हुकूम सौम्य होता असं म्हणतात. मला ते पटत नाही. त्याच मजकुरात एक वाक्य आहे, लाओ हे थाईंचे चाकर आहेत, थाई कधी लाओंचे चाकर नव्हते, या आशयाचं. खरा आक्षेप वाद्यावर नव्हताच. जिंकलेल्यांची कला जिंकणाऱ्यांनी डोक्यावर घ्यावी, हे सत्तेला खुपत होतं. पावसाचं कारण त्या काळच्या शेतकरी राज्यात खरोखरच गंभीर होतं, ते थट्टेवारी नेऊ नये. पण चाकरीचं वाक्य पावसासाठी लागत नाही. जानेवारी १८६६ मध्ये खॅनवेडा दुसरा राजा वारला आणि खॅनला दरबारात पाठीराखा उरला नाही.

संगीताच्या अंगानेही दोन परंपरांचा मेळ सोपा नव्हता. रनात या काष्ठतरंगासारख्या दरबारी वाद्याच्या पट्ट्या आणि खोंगवोंग या वाद्यातल्या वर्तुळात मांडलेल्या घंटा ज्या सप्तकात लावतात, त्यातले सातही स्वर जवळजवळ सारख्या अंतरावर असतात. १८८५ मध्ये लंडनच्या प्रदर्शनाला गेलेल्या सयामी वाद्यांची मोजणी झाली, तेव्हापासून हे सप्तक जगभरच्या ध्वनिशास्त्रज्ञांच्या कुतूहलाचा विषय आहे. खॅनचं तसं नाही. त्याच्या सोळा बांबूनळ्यांत धातूच्या बारीक जिभल्या बसवलेल्या असतात आणि स्वरांमधली अंतरं लहान-मोठी असतात. नळ्या लाकडी हवापेटीत काळ्या मेणाने घट्ट बसवतात. त्याच मेणाचा गोळा एका भोकावर दाबला की तो स्वर अखंड घुमत राहतो, आपल्या तंबोऱ्यासारखा. श्वास आत घेताना आणि बाहेर सोडताना तोच स्वर येतो, त्यामुळे मोलाम या लाओ-ईसानी गायनप्रकाराच्या गायकाला रात्रभर सलग साथ मिळते. रनातशेजारी बसवला तर मात्र काही स्वर उघडच भांडतात.

तरीही दरबाराने लाओ ढंग सोडला नाही, हे विशेष. दरबारी रचनांत परदेशी ‘ढंग’ घेण्याची जुनी चाल आहे: मोन, ख्मेर, चिनी, आणि भारतीय-मलायी लोकांसाठी वापरला जाणारा ‘खॅक’. त्यात लाओ ढंगाच्या चाली आजही सर्वांत लाडक्या आहेत. सूर हवेत, ते आणणारी माणसं नकोत, असा हा व्यवहार होता.

विसाव्या शतकात हुकमांची भाषा बदलली, पण रोख तोच राहिला. १९३० मध्ये दरबारी रचना पाश्चात्त्य स्वरलिपीत उतरवण्याचं काम सुरू झालं. ईसानची गाणी त्यात नव्हती. १९३२ च्या सत्तांतरानंतर दरबारी वादक सरकारी खात्यात आले. १९३९ मध्ये सयामचं ‘थायलंड’ झालं आणि त्याच साली लोकांना प्रांतावरून वेगळी नावं लावू नयेत असा फतवा निघाला. १९४३ च्या आदेशाने वादक-गायकांना परवाना घेणं भाग पाडलं. ‘थाई संगीतावरची बंदी’ म्हणून लोकांच्या आठवणीत राहिला आहे तो हा आदेश. त्यात दरबारी परंपरेचे उस्तादही भरडले गेले, जमिनीवर मांडी घालून वाजवणं मागासलेपणाचं ठरलं. त्याच सरकारने खेड्यातल्या ढोलाच्या नाचाला घासूनपुसून ‘रामवोंग’ केलं आणि शहरी दिवाणखान्यात नेलं. लोकसंगीत चालेल, पण आम्ही इस्त्री केलेलं, हा त्यातला अर्थ.

ईसानने याला कुठलाही हुकूम न काढता उत्तर दिलं. युद्धानंतर रस्ते झाले, दुष्काळी पठारावरची तरुण पोरं बँकॉकला बांधकामावर, टॅक्सीवर, कारखान्यांत आली. १९६० च्या दशकात ‘लूक थुंग’ हे नाव रूढ झालेल्या लोकप्रिय गाण्यांत ईसानचे आवाज मोठ्या संख्येने होते. मोलामला विजेची गिटार आणि ड्रम मिळाले. एके काळी ज्या शहरात खॅनवर कर लावायची धमकी होती, तिथल्या प्रत्येक बाजारात तो कॅसेटवर वाजू लागला. मग सरकारी कला महाविद्यालयांत खॅन शिकवला जाऊ लागला, मोलाम गायकांना राष्ट्रीय कलाकाराचा सन्मान मिळू लागला.

पण जगासमोर ‘थाई’ म्हणून काय मांडायचं, याची निवड अजून राजधानीतच होते. २०१८ मध्ये थायलंडने यादीत नोंदवला तो खोन, मुखवटे घालून होणारं दरबारी रामायण. २०२१ मध्ये दक्षिणेतलं नोरा नाट्य आलं. लाओसची सगळी लोकसंख्या २०१७ मध्ये ७० लाखांच्या घरात होती. ईसानची २ कोटींच्या आसपास आहे.