खेळाडूंमधील लाज आणि अपराधभाव

पराभव, चूक किंवा नियमभंग यांनंतर खेळाडूच्या मनात उमटणाऱ्या दोन भावना. त्या अनेकदा एकत्र येतात, पण त्यांचे परिणाम भिन्न असतात. मनोविश्लेषक हेलन ब्लॉक लुईस यांनी १९७१ मध्ये मांडलेला भेद आजही आधारभूत मानला जातो : अपराधभावाचा रोख केलेल्या कृतीवर असतो, तर लाज संपूर्ण स्वत्वाला व्यापते. ‘माझी पकड सुटली’ असे म्हणणारा मल्ल दुसऱ्या दिवशी पकडीचा सराव करू शकतो. ‘मी पैलवानच नव्हे’ असे वाटणारा तालमीकडे फिरकतच नाही.

बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागात या भावना सर्वांत उघडपणे दिसतात त्या कुस्तीच्या मैदानात. गावोगावच्या यात्रांत हलगीच्या तालावर होणाऱ्या मातीतल्या कुस्तीत पाठ टेकली की लढत संपते. मॅटवर गुणांनीही निकाल लागत असल्याने थोडक्यात झालेली हार सांगता येते. चितपट झालेल्या मल्लाजवळ मात्र सांगण्यासारखे काही उरत नाही, आणि ते पाहणाऱ्यांत वस्ताद, भाऊबंद, पाहुणे असे सगळेच असतात. शेतकरी घराने दूध, तूप, बदामाच्या खुराकासाठी पोटाला चिमटा काढून पैसा उभा केलेला असेल, तर हरल्याच्या लाजेपेक्षा घरच्यांचे कष्ट वाया घालवल्याची बोच अधिक खोल जाते. अशा वेळी चारचौघांत पाणउतारा करणारा वस्ताद लाजच वाढवतो. डाव कोठे चुकला हे एकांतात दाखवणारा मल्लाला पुन्हा मातीत उतरवतो. या परंपरेतील सर्वांत मोलाचे शिक्षण हेच म्हणावे लागेल.

लाजेच्या शारीरिक खुणा केवळ पाहून शिकलेल्या नसतात. जेसिका ट्रेसी व डेव्हिड मात्सुमोतो यांनी अथेन्स येथील २००४ च्या ऑलिंपिक व पॅरालिंपिक स्पर्धांतील ज्यूदोपटूंची छायाचित्रे अभ्यासली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, हरल्यावर खांदे पाडणे व छाती आक्रसून घेणे जन्मांध खेळाडूंमध्येही आढळते. व्यक्तिवादी पाश्चात्त्य समाजांतील डोळस खेळाडूंमध्ये ते कमी दिसले. ते लाज दडपत असावेत, असा अर्थ अभ्यासकांनी लावला.

या दोन भावना एकमेकींपासून सुट्याही होतात. आधी ठरवून खेळलेल्या नुरा कुस्तीचा संशय कोणालाच आला नाही, तर जिंकणाऱ्याला फेटा बांधला जातो आणि उघड लाजेचा प्रसंग टळतो. अपराधभाव मात्र राहतो, आणि तो बोलून हलका करणेही अवघड, कारण कबुली म्हणजेच बेअब्रू. उत्तेजक द्रव्यांच्या चाचणीत याच्या उलट घडू शकते. जागतिक नियमांनुसार शरीरात बंदी असलेले द्रव्य सापडले की हेतू काहीही असो, त्याची जबाबदारी खेळाडूवर येते. हेतूचा विचार शिक्षा ठरवताना होतो. त्यामुळे भेसळयुक्त प्रथिन पावडरीतून असे द्रव्य नकळत पोटात गेलेल्या खेळाडूच्या वाट्याला, मनात कोणताही अपराध नसताना, गावभरची लाज येते.